अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर: एको, मोबाईल, व्हिडिओ, नेहमी विचारले जाणारे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी

इंजिनिअरिंगच्या मुलांना फायनल इयरच्या प्रोजेक्टला मदत करतो, त्यामुळे दरवर्षी जानेवारी उजाडला की तेच तेच प्रश्न मेसेजवर येतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहून ठेवतोय. मला स्वतःला हा विषय फार जवळचा आहे, आणि एक गोष्ट समजायला मला खूप वर्षं लागली ती आधीच सांगतो, फिल्टरला शिकवणं तसं सोपं आहे, पण त्याने कशावरून शिकायचं आणि कधी शिकायचं थांबायचं हे ठरवण्यातच सगळं कसब आहे. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतील.

प्र. अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर म्हणजे नक्की काय? साध्या फिल्टरपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

साध्या फिल्टरचे आकडे तुम्ही आधीच ठरवता, म्हणजे ३०० ते ३४०० हर्ट्झ ठेवायचं बाकी काढायचं वगैरे, आणि मग ते आकडे आयुष्यभर तेच. अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरमधे आकडे, म्हणजे ज्यांना आपण वेट किंवा टॅप म्हणतो, ते चालू सिग्नलवरच दर सॅम्पलला (सिग्नलच्या एकेका मोजलेल्या आकड्याला) थोडे थोडे बदलतात. फिल्टरचं आउटपुट जे यायला हवं होतं त्यापासून किती लांब आलं ते बघायचं, ती एरर, आणि एरर कमी होईल त्या दिशेने वेट जरासे सरकवायचे. बास. खोलीतला एको, गाडीतल्या मोबाईलचा चॅनल (टॉवरपासून सिग्नल येतो तो रस्ता), कॅमेऱ्यासमोरचं ऊन या सगळ्या गोष्टी आधी माहीत नसतात आणि वर बदलतही राहतात, म्हणून हे लागतं.

प्र. ही आयडिया कुणाची?

त्याच्या मागे नॉर्बर्ट वीनर आहे, दुसऱ्या महायुद्धात त्याने सगळ्यात चांगला फिल्टर कसा काढायचा त्याचं गणित मांडलं, पण त्यासाठी सिग्नलची आकडेवारी आधी माहीत पाहिजे आणि ती प्रत्यक्षात क्वचितच असते. १९५९ मधे स्टॅनफर्डला बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी फळ्यावर एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर, म्हणजे वर सांगितलेली वेट सरकवायची रीत) काढला आणि १९६० ला पेपर आला. त्यांना आकृत्या ओळखणारं मशीन करायचं होतं, अ‍ॅडलाइन नावाचं, म्हणजे आजच्या न्यूरल नेटवर्कचं पूर्वज. हाच हॉफ पुढे इंटेलला गेला आणि ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या मंडळींमधे होता. एका माणसाच्या नावावर या दोन गोष्टी आहेत हे मला अजूनही भारी वाटतं.

प्र. एलएमएसचं गणित एका ओळीत सांगा ना

नवीन वेट = जुनं वेट + म्यू × एरर × इनपुट.

खरंच एवढंच आहे. म्यू म्हणजे पाऊल किती मोठं टाकायचं. काही पुस्तकांत म्यूच्या आधी २ असतो, विड्रोच्या लिखाणात तसाच आहे, काहींत नसतो, आणि त्यामुळे म्यूची वरची मर्यादा एका पुस्तकात दुसऱ्याच्या निम्मी दिसते. दोन पुस्तकं समोर ठेवून मुलं गोंधळतात, पण दोन्ही बरोबर आहेत, फक्त आपण कोड कुठल्या पुस्तकावरून लिहिला ते बघा.

प्र. सर, जे आउटपुट पाहिजे ते आधीच माहीत असेल तर मग फिल्टर कशाला??

हा प्रश्न विचारणारा मुलगा विषय समजून घेतोय असं मी समजतो, कारण बहुतेक जण हा प्रश्न न विचारताच कोड कॉपी करतात.

उत्तर असं की ‘डिझायर्ड सिग्नल’ हे नाव फसवं आहे. बऱ्याच वेळा आपल्याला पाहिजे ती गोष्ट तो नसतोच, आपल्याला पाहिजे असते ती एरर! विड्रो आणि मंडळींचा १९७५ चा नॉइज कॅन्सलिंगवरचा पेपर आहे, त्यातलं एक उदाहरण मी नेहमी सांगतो. पोटातल्या बाळाचा ईसीजी घ्यायचा आहे, आईच्या पोटावर इलेक्ट्रोड लावले, पण तिथे आईच्या हृदयाचा सिग्नल बाळाच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा येतो. मग आईच्या छातीवर पण इलेक्ट्रोड लावले, तिथे जवळजवळ फक्त आईचाच सिग्नल. आता छातीचा सिग्नल फिल्टरला इनपुट म्हणून द्यायचा आणि पोटाचा सिग्नल डिझायर्ड म्हणून. फिल्टर जीव तोडून प्रयत्न करतो की छातीच्या सिग्नलवरून पोटाचा सिग्नल बनवावा, पण त्याला त्यातला फक्त आईचा भागच बनवता येतो कारण बाळाबद्दल त्याला काही माहितीच नाही. तो भाग वजा केला की एररमधे बाळ उरतं. जे फिल्टरला जमलं नाही तेच आपल्याला हवं होतं.

त्याच पेपरमधे ईसीजीमधली मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, घरघरही अशीच काढली आहे, अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. रेफरन्स, म्हणजे इनपुटला द्यायचा नुसत्या नॉइजचा नमुना, कुठून आणला तर भिंतीतल्या सॉकेटवरून. नेटवरचा कोड उचलून आपल्या रेकॉर्डिंगवर चालवताय तर आधी तो ६० चा ५० करा, हे विसरून दोन दोन दिवस डोकं धरून बसलेली मुलं मी बघितली आहेत.

प्र. माझ्या प्रोजेक्टमधे नॉइज गेला पण आवाज पण गेला, काय चुकलं?

रेफरन्स माइक बोलणाऱ्याच्या जवळ ठेवला असणार. मी स्वतः पहिल्यांदा हेच केलं होतं, दोन्ही माइक एकाच ब्रेडबोर्डवर, मधे जेमतेम वीतभर अंतर, टेबलफॅनचा आवाज काढायचा होता. फॅन गेला आणि माझा आवाजही खोल विहिरीतून आल्यासारखा यायला लागला, मी आठवडाभर म्यू बदलत बसलो. म्यूचा काही संबंध नव्हता, रेफरन्समधे माझा आवाज होता त्यामुळे फिल्टरला तोही बनवता येत होता, आणि जे बनवता येतं ते तो वजा करणारच. रेफरन्स माइक फॅनच्या मागे नेऊन ठेवला आणि सुटलं.

फक्त फार लांबही नेऊ नका, दोन्ही माइकवरच्या नॉइजचं एकमेकांशी नातं राहिलं पाहिजे. हॉलमधे चहूबाजूंनी येणारी गर्दीची कुजबुज या पद्धतीने नीट जात नाही, कारण प्रत्येक ठिकाणी ती वेगळीच असते.

प्र. म्यू किती ठेवू?

फार मोठा ठेवला तर फिल्टर फुटतो, वेट इन्फिनिटीला जातात आणि स्क्रीनवर सगळीकडे नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. फार छोटा ठेवला तर शिकतच नाही. मोठा पण न फुटणारा ठेवला तर लवकर शिकतो पण शेवटी थरथरत राहतो, एरर एका पातळीच्या खाली जात नाही. ही ओढाताण कायमची आहे.

आवाजासाठी सरळ एनएलएमएस (नॉर्मलाइज्ड एलएमएस) वापरा, त्यात पाऊल इनपुटच्या पॉवरने भागलेलं असतं त्यामुळे कोणी एकदम ओरडलं तरी फिल्टर फुटत नाही, आणि म्यू ० ते २ च्या मधे असला की झालं. मी ०.५ पासून सुरू करतो. भागताना खाली एक छोटा आकडा मिळवायला विसरू नका, नाहीतर शांततेत शून्याने भागाकार होतो.

प्र. आरएलएस जास्त चांगला आहे म्हणतात, मग सगळे एलएमएसच का वापरतात?

आरएलएस म्हणजे रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स, जास्त गणित करून लवकर शिकणारी पद्धत. आकडे बघा म्हणजे कळेल. फोनचा जुना ८ किलोहर्ट्झ आवाज धरा आणि १२८ मिलिसेकंदांचा एको, म्हणजे १०२४ टॅप. एलएमएसला दर सॅम्पलला साधारण टॅपच्या दुप्पट गुणाकार, म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ६४ लाख. साधं दिसतं. आरएलएसला टॅपच्या वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे नुसता वर्ग धरला तरी सेकंदाला ८०० कोटींच्या वर. शिवाय फिक्स्ड पॉइंटवर (ठरावीक दशांश जागांच्या गणितावर) आरएलएसची मॅट्रिक्स हळूहळू बिघडते आणि तासभर मस्त चाललेला फिल्टर अचानक उडतो, डेमोच्या वेळी नेमकं.

पण टॅप १०-२० च असतील तर आरएलएस जरूर वापरा, फारच पटकन शिकतो. त्याच्या विसरण्याच्या आकड्याला लॅम्डा म्हणतात, ०.९९ ठेवला तर त्याला साधारण शेवटची १०० सॅम्पल आठवतात, ०.९९९ ला १०००. एलएमएस बोलण्यावर हळू का शिकतो तर बोलण्यातल्या स्वरांची ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीला एकवटलेली असते, मग खालचं लवकर शिकून होतं आणि वरचं रखडतं. त्यावर मधला मार्ग म्हणून १९८४ ला जपानच्या ओझेकी आणि उमेदा यांनी अफाइन प्रोजेक्शन नावाचा अल्गोरिदम काढला. आणि एको लांब असेल तर काम फ्रिक्वेन्सी डोमेनमधे तुकडे पाडून करतात, स्पीक्स (Speex) या आवाजाच्या सॉफ्टवेअरचा ओपन सोर्स कोड त्यासाठी वाचा, मी त्यातून खूप शिकलो.

प्र. फोनवर दोघं एकदम बोलले की एको का येतो?

आधी एको कुठून येतो ते. समोरच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघतो, भिंतींवर आपटून तुमच्याच माइकमधे शिरतो आणि परत त्याच्याकडे जातो. लांबच्या फोनलाइनवर तो एक्स्चेंजमधल्या हायब्रिड सर्किटमधून (दोन तारांची लाइन चार तारांना जोडणाऱ्या) पण यायचा. सॅटेलाइट आल्यावर हा त्रास एकदम वाढला, कारण सॅटेलाइट सुमारे ३६,००० किलोमीटरवर, बोललेलं परत ऐकू यायला जवळपास अर्धा सेकंद. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात आर्वीला विक्रम अर्थ स्टेशन १९७१ ला सुरू झालं तो हाच काळ. त्याआधीचा उपाय म्हणजे एको सप्रेसर, एक जण बोलताना दुसऱ्याची लाइनच दाबायची, त्यामुळे शब्द तुटायचे. वजा करून एको काढायची पद्धत १९६० च्या दशकात बेल लॅब्समधे आली, त्यात मनमोहन सोंधी हे मोठं नाव, शिक्षण बंगळुरूच्या आयआयएससीत पण झालेलं.

आता तुमचा प्रश्न. फिल्टरला इनपुट म्हणजे समोरच्याचा आवाज, डिझायर्ड म्हणजे तुमचा माइक, एरर म्हणजे एको काढलेला तुमचा आवाज जो पुढे पाठवायचा. तुम्ही गप्प असताना एरर म्हणजे फक्त उरलेला एको, त्यावरून शिकणं बरोबर. पण तुम्ही बोलायला लागलात की एररमधे तुमचा आवाज आला, फिल्टरला वाटतं बापरे केवढी चूक झाली, आणि तो चांगले जमलेले वेट भलतीकडे ढकलतो. चूक त्याची नव्हतीच. याला डबलटॉक म्हणतात. उपाय म्हणजे दोघं बोलतायत हे ओळखायचं आणि तेवढा वेळ वेट गोठवायचे, वजाबाकी चालू पण शिकणं बंद. सगळ्यात जुनी युक्ती गायगलची, माइकवरचा आवाज गेल्या काही मिलिसेकंदांतल्या समोरच्या आवाजाच्या निम्म्याहून मोठा असेल तर इथला माणूस बोलतोय असं धरायचं. फोनलाइनवर ती छान चालायची कारण तिथे एको नेहमी निम्म्याहून बारीक, स्पीकरफोनवर स्पीकर माइकच्या शेजारीच असतो म्हणून ती फसते, तिथे माइक आणि फिल्टरच्या आउटपुटचं कोरिलेशन बघा.

प्रोजेक्ट रिपोर्टमधे मुलं फक्त सिंगलटॉकचा, म्हणजे एकटा समोरचा बोलतानाचा, ग्राफ लावतात आणि २५-३० डीबी एको कमी झाला म्हणून लिहितात. मला डबलटॉकनंतरच्या दोन सेकंदांचा ग्राफ दाखवा, फिल्टर कसा आहे ते तिथे कळतं.

प्र. मोबाईलमधे समोरच्याने काय पाठवलं हेच माहीत नसतं, मग एरर कशी काढणार?

म्हणून दोघांनी आधी ठरवून ठेवलेले बिट मधे घुसवतात, त्याला ट्रेनिंग सिक्वेन्स म्हणतात. टेलिफोन लाइनवरच्या मोडेमसाठी बेल लॅब्सच्या रॉबर्ट लकीने १९६५ ला आपोआप जुळणारा इक्वलायझर (लाइनने बिघडवलेला सिग्नल सरळ करणारा फिल्टर) दाखवला तोही आधी ट्रेनिंगवर, मग निर्णय बहुतेक बरोबर यायला लागले की स्वतःचेच निर्णय खरे धरून शिकत राहायचं.

जीएसएमचं, म्हणजे टूजी मोबाईलचं, डिझाइन बघा, मला ते फार देखणं वाटतं. एक बर्स्ट, म्हणजे फोन एका वेळी पाठवतो तो तुकडा, १४८ बिटांचा, त्यात २६ बिट ट्रेनिंगचे, आणि ते सुरुवातीला नाही तर बरोबर मधे. का? एक्सप्रेसवेवर १०० च्या स्पीडने गाडी चाललीये, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. बर्स्टचा स्लॉट ०.५७७ मिलिसेकंदांचा, तेवढ्यात गाडी १.६ सेंटीमीटर सरकते. ९०० मेगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ ३३ सेंटीमीटर, त्यामुळे एका बर्स्टमधे चॅनल जवळपास तोच राहतो, आणि मधे मोजला तर दोन्ही टोकं मापापासून सारखीच जवळ. पण तुमचा पुढचा बर्स्ट ४.६१५ मिलिसेकंदांनी येतो, तोपर्यंत गाडी १३ सेंटीमीटर पुढे, वेव्हलेंग्थच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, चॅनल बदललेला. म्हणून प्रत्येक बर्स्टमधे नव्याने ट्रेनिंग. २६ बिट वाया जातात असं वाटतं पण त्याशिवाय बाकीचे बिट वाचताच येणार नाहीत. फोरजी फाइव्हजीमधे ट्रेनिंगच्या जागी पायलट, म्हणजे आधी माहीत असलेले सिग्नल, फ्रिक्वेन्सी आणि वेळेच्या जाळीत पेरलेले, कारण तेच.

प्र. ट्रेनिंग न देता जमतं का?

जमतं, ब्लाइंड म्हणतात त्याला. सातो १९७५, गोडार्ड १९८०. गोडार्डची कल्पना अशी की बिट माहीत नसू देत, पण क्यूपीएसकेचे (दोन दोन बिट चार बिंदूंपैकी एकाने पाठवायची पद्धत) चारही बिंदू केंद्रापासून सारख्या अंतरावर असतात एवढं तर माहीत आहे, मग आउटपुट त्या वर्तुळापासून किती हललं तीच एरर. हळू शिकतो, आणि कॉन्स्टेलेशन, म्हणजे त्या बिंदूंचं चित्र, फिरलेलं राहू शकतं ते वेगळं सरळ करावं लागतं.

प्र. व्हिडिओत हे सगळं कुठे येतं?

स्थिर कॅमेऱ्यात हलणारी माणसं गाड्या शोधायच्या असतील तर सगळ्यात आधी रिकाम्या रस्त्याचं चित्र पाहिजे, बॅकग्राउंड. पण रस्ता कधी रिकामा नसतो आणि ऊन सारखं बदलतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलला: नवीन बॅकग्राउंड = जुनं + अल्फा × (आत्ताची फ्रेम − जुनं). वरची एलएमएसची ओळ आठवा, हा तोच एका टॅपचा फिल्टर, इनपुट कायम १. म्हणून मी म्हणतो की कम्युनिकेशनवाल्याने व्हिडिओला घाबरू नये.

पावसाळ्यात झाडाच्या फांद्या हलतात तेव्हा एकाच पिक्सेलला कधी पान कधी आभाळ, सरासरी काढली तर दोन्ही नाही असा भलताच रंग येतो. त्यासाठी एमआयटीच्या स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी १९९९ ला प्रत्येक पिक्सेलला ३ ते ५ गॉसियन (प्रत्येक नेहमीच्या रंगाला एक वेगळा घंटेच्या आकाराचा वक्र) दिले. ओपनसीव्ही या व्हिडिओच्या लायब्ररीत बॅकग्राउंड काढायला जे एमओजी२ वापरता ते त्याच घराण्यातलं. त्यात हिस्ट्री डिफॉल्टला ५०० फ्रेम आहे आणि सावली १२७ या राखाडी रंगात येते, मास्क (हलणारं काय ते दाखवणारं काळंपांढरं चित्र) वापरण्याआधी ती वेगळी करा.

प्र. सिग्नलला थांबलेला ट्रक माझ्या आउटपुटमधून गायब होतो आणि निघून गेल्यावर रिकाम्या जागी ट्रक दिसतो!

अगदी हाच त्रास सगळ्यांना होतो. हिशोब करा. २५ फ्रेम पर सेकंद, अल्फा ०.०१, ट्रक आणि रस्ता यांच्यात ८० पातळ्यांचा फरक, थ्रेशोल्ड २०, म्हणजे फरक याहून कमी झाला की वस्तू दिसत नाही. फरक ८० वरून २० वर यायला सुमारे १३८ फ्रेम लागतात, म्हणजे साडेपाच सेकंद. सिग्नल मिनिटभराचा, त्यामुळे ट्रक बॅकग्राउंडमधे जिरला. तो निघाला की आता रस्ताच परका दिसतो, ते भूत पुढचे साडेपाच सेकंद राहतं.

हे डबलटॉकच आहे बघा. एररमधे जे शिरलं ते बॅकग्राउंडची चूक नव्हती, नवीन वस्तू होती, आणि आपण त्यावरून शिकलो. उपाय पण तोच, जिथे फोरग्राउंड, म्हणजे वस्तू, सापडलंय तिथे अल्फा खूप कमी करायचा. शून्य मात्र करू नका, कोणी तिथे कायमची टपरी टाकली तर तुमचा कोड जन्मभर तिला गाडी समजेल. मी दोन बॅकग्राउंड ठेवतो, एक पटकन शिकणारं एक संथ, पटकनवाल्यात जिरलंय पण संथमधे नाही म्हणजे थांबलेली वस्तू. बेवारस बॅग शोधायला पण हीच पद्धत वापरतात.

प्र. आणि कॅलमन?

कॅलमन फिल्टरचा पेपरही १९६० चाच, अपोलोच्या दिशादर्शनात वापरला गेला. ट्रॅकिंगमधे, म्हणजे हलणाऱ्या गाडीचा माग काढताना, तो आधी अंदाज करतो गाडी कुठे असेल, मग मोजमाप बघून अंदाज सुधारतो, आणि मापावर किती विश्वास ठेवायचा ते स्वतः मोजतो, म्हणजे म्यूच दर फ्रेमला नव्याने ठरतो. गाडी बसच्या मागे गेली तर फक्त अंदाज चालू ठेवा, बसचं माप गाडीच्या नावावर घालू नका.

प्र. यूट्यूबचा अ‍ॅडॅप्टिव्ह बिटरेट म्हणजे हेच ना?

नाही. तिथे नेटचा स्पीड आणि बफर बघून आधीच तयार ठेवलेल्या क्वालिटींपैकी एक निवडतात. फिल्टरचे वेट वगैरे काही नाही.

प्र. आता एआय आलंय, हे शिकून काय उपयोग?

न्यूरल नेटवर्क शिकवताना वेट सरकवायची जी रीत आहे ती या एलएमएसच्या नात्यातलीच आहे, त्यामुळे हे शिकलेलं तिकडे कामाला येतंच. आणि प्रत्यक्षात एको काढायला पुढे लिनिअर अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर आणि उरलेला एको पुसायला मागे नेटवर्क अशी जोडी बरीच चालते, कारण तुम्ही लॅपटॉप जरा सरकवला की एकोचा रस्ता बदलतो आणि तो तिथल्या तिथे शिकायचं काम फिल्टर फार कमी खर्चात करतो.

प्र. सगळं बरोबर केलंय, सिम्युलेशनमधे मस्त चालतं, खऱ्या माइकवर एको जातच नाही

कोड उघडायच्या आधी घड्याळं तपासा. स्पीकर एका साउंडकार्डवर आणि यूएसबी माइक दुसरीकडे असेल तर दोघांची सॅम्पलिंगची घड्याळं जराशी वेगळी पळतात. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे १६ किलोहर्ट्झला सेकंदाला ०.८ सॅम्पल, दहा मिनिटांत ४८० सॅम्पल, म्हणजे एको ३० मिलिसेकंद सरकला, आणि फिल्टर बिचारा सारखा त्याच्या मागे धावतोय. स्पीकरवर एक टिक वाजवा, दहा मिनिटांनी परत एक, आणि पाठवलेल्या फाइलमधे आणि माइकच्या फाइलमधे दोन टिकमधलं अंतर सॅम्पलमधे मोजा. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही एकाच कार्डवर लावा आणि मग मला मेसेज करा.